तिने माझे नाव घेतले

आमच्याकडे भुजली हे सणाचे नाव आहे आणि माणसाचेही. राखीच्या आठ-नऊ दिवस आधी बांबूच्या टोपलीत माती घालून गहू पेरायचा. टोपली घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचे. ऊन लागत नाही म्हणून रोपे पिवळी आणि मऊ येतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी बायका टोपल्या डोक्यावर घेऊन तलावावर जातात, मुळांची माती धुतात आणि रोपे एकमेकींना देतात. त्या दिवशी दोघींनी मोठ्यांच्या देखत एकमेकींच्या कानामागे ती रोपे खोचली आणि नारळ दिला-घेतला, की त्या जन्मभराच्या भुजली होतात. मग ते नाते सख्ख्या बहिणीपेक्षा मोठे. दोन्ही घरांनी ते पाळायचे. जातीचा प्रश्न येत नाही. आणि त्या दिवसापासून एकमेकींचे नाव घ्यायचे नाही, भुजली म्हणूनच हाक मारायची. चुकून नाव निघाले तर जिच्या तोंडून निघाले तिने नारळ द्यायचा. मग चूक फिटते.

मला एक भुजली होती. चोवीस वर्षे होती. गेल्या वर्षी ती गेली. मेली नाही, दरेकशाकडे तिच्या घरी आहे, नातवाला खेळवते. पण माझी गेली, आणि ती मीच घालवली. हे मला कोणाला सांगता येत नाही, म्हणून लिहीत आहे. वही भाचीची आहे, माझ्या भावाच्या मुलीची. तिची कॉलेजची जुनी वही, अर्धी कोरी राहिली होती. मी चौथीपर्यंत शिकले. त्यापुढे घरात बिड्या होत्या.

आम्ही दोघी कामठ्याच्याच. मी पवारांच्या घरची, ती गोंडांच्या वस्तीतली, टोल्यावरची. आमच्या छपरीत, घरापुढच्या पडवीत, दुपारी पाच-सहा जणी बिड्या करायला बसायच्या, त्यांत तीही यायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि तेंदूची कापलेली पाने. ती माझ्या समोर बसायची. तिच्या सुपाची कड माझ्या सुपाला लागायची. तिची बिडी घट्ट असायची, टोकाला निमुळती. माझी ढिली. बिड्या मोजून घेणारा सट्टेदार माझ्या बिड्या छाटून बाजूला टाकायचा, म्हणून ती तिच्यातल्या चार माझ्या जुडीत वर लावून द्यायची आणि माझ्यातल्या चार तिच्या जुडीत खाली लपवायची. मी विचारले, "काऊन करते वो असं?" तर म्हणाली, "तुहं तोंड उतरलं का मले काम सुचत नाई."

आम्ही भुजली झालो तेव्हा आम्ही एकोणीस-वीसच्या होतो. दोघींची लग्ने ठरली होती. आईनेच म्हटले, आता पांगाल, तर एखादे नाते तरी बांधून ठेवा. तलावावर तिने माझ्या कानामागे रोपे खोचली तेव्हा तिची बोटे ओली होती आणि पाण्याचा एक थेंब माझ्या मानेवरून पाठीत उतरला. एवढेच. पण तो थेंब कुठून कुठे गेला ते मी आजही बोटाने दाखवू शकते.

तिला दरेकशाजवळच्या गावात दिले. मला आमगावच्या बाजूला. माझे लग्न दोन वर्षे टिकले. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता. तो फक्त म्हणायचा की मी लाकडासारखी पडून राहते. ते खरे होते. मी पुष्कळ प्रयत्न केला. डोळे मिटून पाहिले, उघडे ठेवून पाहिले. शेवटी सासूने एक दिवस माझी पेटी बैलगाडीत ठेवली आणि भावाला निरोप दिला. लोकांनी वांझ म्हटले, थंड म्हटले, बाहेरचे काही असेल म्हटले. मीही यातले एक-एक नाव आळीपाळीने खरे मानले. भावाने ठेवून घेतले. मी पुन्हा छपरीत बसले, तेच सूप मांडीवर घेऊन. समोरची जागा रिकामी होती.

ती जागा वर्षातून दोन दिवस भरायची. भुजलीला ती यायची. दरेकशाहून गाडीने गोंदियाला, तिथून ऑटोने कामठ्याला. पिशवीत चारोळी, मोहाचे लाडू, कधी जंगलातला मध. तिचा नवरा तिला स्टेशनवर बसवून द्यायचा. भुजलीकडे जाणे हे माहेरी जाण्यासारखेच असते, त्याला कोणी नाही म्हणत नाही. ती आली की वहिनी दारातूनच ओरडायची, "आली वो बाई, आली तुही नवरी! आता हिले भूक लागन, हिले झोप लागन, सारं लागन!"

"मंग काय," माझी भुजली पाय धुताधुता म्हणायची, "तुह्या नणंदेले नेतो मी. हुंड्यात काय देतं, बोल?"

"एक सूप अन् अर्धा किलो जर्दा."

"कंजूस आहेस वो!"

सगळी छपरी हसायची. मी खाली मान घालून पाने कापत राहायची. कानांच्या पाळ्या गरम व्हायच्या. ते दोन दिवस आम्ही बिड्या करायचो, तलावावर जायचो, स्वयंपाक करायचो. ती माझ्या टाचांच्या भेगांना तेल चोळायची. एका वर्षी, दुपारच्या वेळी, ती माझे केस विंचरत होती. विंचरता विंचरता थांबली आणि तिने आपला गाल माझ्या मानेवर ठेवला. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही. कोंबडी आली, दाणे टिपून गेली. मग ती म्हणाली, "तुह्या मानेले जर्द्याचा वास येते."

मी म्हटले, "तुह्या बी येते."

त्यावर मी बरीच वर्षे काढली. बाकीचे तीनशे त्रेसष्ट दिवस त्या दोन दिवसांच्या आधीचे किंवा नंतरचे असायचे. असे चोवीस वर्षे चालले आणि तसेच चालत राहिले असते. मला दुसरे काही मिळवायचे नव्हते. मला फक्त ते दोन दिवस जाऊ द्यायचे नव्हते.

भाची गोंदियाला कॉलेजात शिकते. शनिवारी घरी येते. दोन वर्षांपूर्वी अशीच आली, तर हातात पिवळ्या कागदाची मोठी गुंडाळी. कॉलेजात कार्यक्रम होता, तिला चार्ट करायचा होता. छपरीत कागद पसरला, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, जे मिळेल ते ठेवले. ती रंगीत पेनाने शब्द लिहीत होती, मी चित्रे चिकटवायला मैद्याची लई करून दिली. मला सुटी अक्षरे वाचायची सवय आहे, म्हणून मी एक-एक शब्द मोठ्याने वाचू लागले. लेस्बियन. गे. बायसेक्शुअल. पॅनसेक्शुअल. असेक्शुअल.

वहिनी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "हे काय खताचे नाव आहेत?"

"नाई वो आई. कोनाले कोन आवडते त्याचे नाव आहेत."

"आवडाचं काय राहते त्याच्यात? बापानं पाहून देलं का आवडते," वहिनी म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.

मी मात्र बसून राहिले. मला वाटले हे सगळे त्या रेल्वेत टाळ्या वाजवणाऱ्या, बाळ झाल्यावर घरोघरी येणाऱ्या लोकांचे असेल. मी तसे विचारले. भाची म्हणाली, "ते वेगळं आहे, आत्या. ते आपन कोन आहो त्याचं. बाई, का मानूस, का आनखी काही. हे आपल्याले कोन आवडते त्याचं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक मिक्स करून टाकतात."

मग तिने समजावले. बाईला फक्त बाई आवडते ती लेस्बियन. पुरुषाला पुरुष आवडतो तो गे. बाईही आवडते आणि पुरुषही आवडतो तो बायसेक्शुअल. पॅनसेक्शुअलला समोरचे बाई आहे की माणूस याने फरक पडत नाही, तो जीव आवडतो. असेक्शुअलला अंगाची ती ओढच नसते, पण त्याला जीव लावता येत नाही असे नाही.

"मंग हे बाय आनि पॅन एकच झालं ना वो. दोन ठिकानी कायले लिवते?"

"एकच नाई, जवळ-जवळ आहेत. ज्याले जे बरोबर वाटन ते तो लावते."

मी पाने कापत होते. पानावर मापाचा फर्मा ठेवायचा, कात्री फिरवायची. नजर वर न करता मी विचारले, "एखाद्या बाईले नवऱ्याजवळ काहीच वाटलं नाई, कधीच नाई, तर ती ही शेवटची का?"

"असू शकते."

"आनि तिले दुसऱ्या एका बाईजवळ वाटत असन तर?"

"मंग लेस्बियन असन."

"साऱ्या बाया नाई. एकच."

भाचीने पेन खाली ठेवले. "एकच असली तरी चालते, आत्या. मोजून थोडी राहते."

"आनि त्या दुसरीले नवरा आहे, लेकरं आहेत, नवऱ्यासंगं बरं चालते, आनि तरी हिच्याजवळ बी...?"

"ती बायसेक्शुअल असू शकते. पन ते तिनं सांगितलं तरच. आमच्या मॅडमनं हे पयले सांगितलं. दुसऱ्याले आपन नाव नाई लावाचं. ज्याचं त्यानं लावाचं." मग ती जरा वेळाने म्हणाली, "कोनासाठी विचारून राहिली तू?"

"असंच," मी म्हटले.

चार्ट गुंडाळताना तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उचलून घेतला.

मी किती हलकी झाले ते लिहिता येत नाही. बावीस वर्षे मी वांझ होते, थंड होते, लाकूड होते. आता कळले की माझ्यासारख्या इतक्या बाया जगात आहेत की त्यांना शब्द आहे आणि तो पोरींना कॉलेजात शिकवतात. मी तो शब्द पाटीवर काढून पाहिला. जोडाक्षर आहे, तरी मला जमले. मी बिड्या करता करता तो मनात म्हणायची. आणि तिथेच माझी चूक सुरू झाली.

बिडीच्या कामात एक सवय लागते. पानांची गड्डी सुटली की हात आपोआप पान उजेडाकडे धरतात. कोवळे इकडे, पक्के तिकडे, जाड शिरेचे वेगळे, किडीचे टाकायचे. पान विचारत नाही मला कुठे ठेवतेस. तीस वर्षे हेच केले तर माणूस सगळेच तसे निवडू लागतो. मी स्वतःला निवडले, तिथे थांबायला हवे होते. पण गड्डीत दोन पाने होती. मी तिलाही उजेडाकडे धरले. ती नवऱ्याच्या गोष्टी हसून सांगते, म्हणजे पहिल्यातली नाही. तिने गाल ठेवला होता, म्हणजे शेवटच्यातली नाही. तर मधली. भाचीने सांगितलेला नियम माझ्या कानात होता, पण मला वाटले तो परक्यांसाठी असेल. माझी भुजली परकी नव्हती.

आणखी एक गोष्ट होती, ती लपवून काय करू? मला तिच्याकडून ऐकायचे होते. एकदाच. की तिलाही तसेच आहे. चोवीस वर्षांत आम्ही ते कधी बोललो नव्हतो. आम्हाला बोलायला शब्द नव्हता म्हणून बोललो नाही, असे मी समजत होते. आता शब्द होता.

गेल्या वर्षी ती आली तेव्हा पाऊस उघडला होता. पहिला दिवस नेहमीसारखा गेला. वहिनी "नवरी आली" म्हणाली, छपरी हसली. तलावावर आम्ही रोपे कानामागे खोचली. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी शेतात निंदणाला गेली, भाऊ गोंदियाला. घरात आम्ही दोघीच. समोरासमोर सूप घेऊन बसलो. माझ्या चोळीत कॅलेंडरच्या पानाचा एक तुकडा होता. त्यावर मी दोन ओळी लिहिल्या होत्या. वर मी आणि माझा शब्द, खाली भुजली आणि तिचा शब्द. तिला वाचता येत नाही. मी तो तिच्यापुढे धरला.

"काय आहे? रेशनचं?"

"नाई. तुह्यासाठी लिवलं."

"मंग वाच."

मी वाचले. ती म्हणाली, "हे कोनत्या गोळ्या आहेत? तुह्या तब्येतीले काय झालं?"

मी हसले आणि समजावू लागले. भाचीने मला सांगितले होते तसेच, त्याच क्रमाने. मी आयुष्यात एकदम इतके कधी बोलले नसेन. ती ऐकत होती आणि तिची बोटे चालू होती. पान, जर्दा, वळण, टोक, धागा. माझी ओळ तिने ऐकली आणि मान हलवली, जणू ते तिला आधीपासून ठाऊक होते. मग म्हणाली, "आनि खालचं माहं?"

"हो."

"म्हंजे मले माहा नवरा बी पाहिजे आनि तू बी पाहिजे, असं?"

"असं मनतात त्याले."

"कोन मनते? कागदावर तू लिवली." तिचा हात थांबला. "मी सांगतली का तुले कधी असं?"

"नाई."

"तू इचारली का?"

"नाई."

"मंग कायले लिवली वो?"

मी म्हटले, "मले वाटलं, तुले बी वाटत असन."

तिने सूप मांडीवरून खाली ठेवले. ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. "वाटते का नाई वाटत, ते माह्या पोटात आहे. पोटात आहे तवर माहं आहे. तू ते काढून कागदावर ठेवली." मग म्हणाली, "आपल्याले नाव होतं ना. चांगलं नाव होतं. माहा नवरा मले दर साली गाडीत बसवून देते, कायले देते? भुजलीकडे चालली मनून देते. सासू जिती होती तवा तिनं माह्या पदरात चारोळी बांधली, भुजलीले देजो मनून. आता मी कोनत्या तोंडानं सांगू, भुजलीकडे जातो?"

"त्यायले कोन सांगते? हे आपल्यातच राहते."

"मले तर मालूम झालं ना," ती म्हणाली.

ती खोटे बोलणारी बाई नाही. जोपर्यंत ती भुजलीकडे येत होती तोपर्यंत ती खरे बोलून घरातून निघत होती. मी तिच्या त्या खऱ्याला खोटे करून टाकले.

तिने कागद घेतला आणि पाने भिजवायच्या घमेल्यात बुडवला, बोटांनी दाबून धरला, शाई सुटेपर्यंत. मग हात पुसून पुन्हा बिड्या करायला बसली. संध्याकाळपर्यंत आम्ही बसलो होतो. तिने त्या दिवशी तिच्या जुडीतल्या चार बिड्या माझ्या जुडीत लावल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटोच्या थांब्यावर मी तिची पिशवी घेऊन गेले. दरवेळी तिथे ती माझी हनुवटी धरून हलवायची. या वेळी ती सरळ आत जाऊन बसली. ऑटोवाला आमच्याच गावचा, म्हणाला, "काय काकी, येवढ्यात पोट भरलं भुजलीचं?" ती हसली नाही. मी म्हटले, "पुढच्या साली येजो, भुजली."

तिने माझ्याकडे पाहिले आणि माझे नाव घेतले. नुसते नाव, हाजरी घेताना घेतात तसे. त्याच्यापुढे म्हणाली, "घरी जाय."

चोवीस वर्षांत माझे नाव तिच्या तोंडून निघाले नव्हते. थांब्यावर बसलेली एक म्हातारी खुशीत ओरडली, "नाव घेतलं वो, नाव घेतलं! आता नारळ लागला तुले!" सगळ्यांना वाटले चुकून निघाले. ऑटो सुटला. मी तिथेच उभी राहिले. मला कळले होते की ते चुकून नव्हते, कारण तिने नारळाचे काही म्हटले नाही.

वर्षभर मी नारळाची वाट पाहिली. तिच्या मुलाचा फोन भावाच्या फोनवर यायचा, दिवाळीला, संक्रांतीला. या वर्षी आला नाही. भाचीला मी शेवटी सगळे सांगितले. ती रडली. म्हणाली, "तुही चूक नाई, आत्या. आपला समाजच असा आहे."

मी म्हटले, "मी समाजासंगं कुठं बोलली होती? मी तिच्यासंगं बोलली."

या वर्षी मी गहू पेरला. तलावावर गेले नाही. राखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रोपे ओल्या फडक्यात बांधली, एक नारळ घेतला आणि गोंदियाहून दरेकशाच्या गाडीत बसले. तिच्या गावी मी तिच्या लग्नानंतर एकदाच गेले होते. नारळ तिने द्यायचा होता, पण मला वाटले कोणीही दिला तरी चूक फिटेल. मला फार काही नको होते. तिने नुसते भुजली म्हणायचे होते. मी उलट्या पावली परत आले असते.

स्टेशनपासून चढ आहे. पाऊस झिमझिम होता. तिच्या अंगणात तिची सून भांडी घासत होती, ती ओट्यावर नातवाला घेऊन बसली होती. मला पाहून ती उठली. पदर दोन्ही कानांवरून ओढून घेतला आणि गळ्याशी धरला.

"या, बाई," ती म्हणाली. "बसा."

सुनेने विचारले, "कोन आहे, आई?"

"कामठ्याची बाई आहे. पयले आमी संगं बिड्या करत होतो."

सुनेने पाणी दिले. चहा झाला. तिने भावाची तब्येत विचारली, पाऊसपाणी विचारले, धान कसे आहे ते विचारले. प्रत्येक वाक्यात तुम्ही होते. मी उत्तरे दिली. नातू माझ्या फडक्याकडे हात करत होता, तिने त्याचा हात मागे घेतला. मी नारळ ओट्यावर ठेवला तर म्हणाली, "हे कायले आनलं? घरी घेऊन जा. नारळ इथं बी भेटते." आवाजात राग नव्हता. मी तिच्या कानाकडे पाहत होते. पदराखाली कान दिसत नव्हता. रोपे खोचायला कुठे जागाच नव्हती.

"बाई, तुमची गाडी सुटन," ती म्हणाली. नारळ उचलून तिने माझ्या पिशवीत ठेवला.

परतीच्या गाडीत मी दारापाशी खाली बसले होते. भाचीने शिकवलेला शब्द मी मनात म्हणून पाहिला. तो चुकीचा नाही. माझ्या मापाचाच आहे, सगळीकडून बसतो. माझी ओळ ऐकून तिनेही मान हलवली होती. पण तो कळण्याआधी माझ्याकडे वर्षातले दोन दिवस होते. आता शब्द आहे. तिच्या पोटात काय होते ते मला कधी कळणार नाही. त्या दुपारी मी गप्प बसले असते तर मला ते न कळताही ती माझ्यासमोर बसलेली असती.

घरी आले तेव्हा वहिनीने विचारले, "काय झालं? भुजली घेतली नाई तिनं?"

"घरी नव्हती," मी म्हटले.

"येवढ्या दूर गेली अन् नुसती वापस आली! फोन तरी करून जाची." तिने पिशवीतला नारळ काढून हलवून पाहिला, पाणी आहे की नाही ते, आणि संध्याकाळी चटणीला फोडला. फडक्यातली रोपे कोमेजली होती. भुजली कोणाच्या कानामागे तरी जावी लागते, नाहीतर पाण्यात. तलावावर जायला माझा पाय उचलेना. मी ती शेळीपुढे टाकली. तिने खाल्ली. मग मी पाने भिजत घातली, दुसऱ्या दिवसासाठी.